एका रेणूचा रामन वर्णपट: लुकलुक हा पुरावा ठरतो का?

कणाद (प्रश्न)

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी पृष्ठवर्धित रामन वर्णपटमापन, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘सर्स’, करतो आहे. यात रेणूवरून विखुरलेल्या लेसरप्रकाशातल्या, त्या रेणूची ओळख सांगणाऱ्या रेषा धातूच्या पृष्ठाजवळ खूप तीव्र होतात. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम सायट्रेट तासभर उकळून केलेल्या चांदीच्या कोलॉइडमध्ये (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांत) रोडामिन ६जी हे रंजक मिसळले असून मिश्रणात त्याची संहती १ नॅनोमोलर आहे. ५३२ नॅनोमीटरच्या लेसरखाली एकेका सेकंदाचे वर्णपट घेतले असता काही ठिपक्यांत ६१२ आणि १३६३ प्रति सेंटीमीटरच्या (हे वर्णपटातील रेषेचे स्थान सांगणारे एकक) रेषा एकदम उसळतात, लुकलुकतात आणि थोड्याच वेळात नाहीशा होतात. लेसरच्या केंद्राचे आकारमान १ फेम्टोलिटर धरल्यास तेथे सरासरी ०.६ रेणू असतो. एवढ्या आधारावर ‘एकल रेणूची नोंद’ असे प्रबंधात लिहिता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चंदेरी

तुमचा हिशेब द्रावणासाठी बरोबर आहे, परंतु हे रंजक द्रावणात राहत नाही, ते चांदीला चिकटते. नेहमीच्या कृतीत चांदीची संहती सुमारे १ मिलिमोलर असते. कण ६० नॅनोमीटर व्यासाचे मानले तर एका कणात साधारण ६६ लाख अणू बसतात, म्हणजे कणांची संहती ०.१६ नॅनोमोलरच्या आसपास येते. कोलॉइड पातळ केले नसेल तर प्रत्येक कणाच्या वाट्याला सहा रेणू आले. त्यातच तेजस्वी ठिपका हा बहुधा एकटा कण नसतो, तर कणांचा गुच्छ असतो. दहा कणांच्या गुच्छावर साठ रेणू झाले.

लुकलुक हे चिन्ह उपयोगी आहे, पण पुरेसे नाही. रेणू दोन कणांमधल्या फटीत (जिथे संकेत सर्वाधिक वाढतो) शिरतो, सरकतो, जळतो, आणि या प्रत्येक वेळी तीव्रता बदलते. शिवाय लेसरने रंजक जळून तयार झालेला कार्बनही १३५० आणि १५८० च्या आसपास रुंद, अस्थिर पट्टे देतो. तुमची १३६३ ची रेषा नेमकी त्या भागात पडते, म्हणून निष्कर्ष ६१२ वरच काढा आणि लेसरची शक्ती कमी करून पाहा.

अनुनाद

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. थोडी पार्श्वभूमी जोडतो, कारण हा वाद या क्षेत्रात खरोखरच झालेला आहे. १९९७ मध्ये नी आणि एमरी यांनी रोडामिन ६जी, तर क्नाइप आणि सहकाऱ्यांनी क्रिस्टल व्हायोलेट वापरून एकल रेणूचा दावा केला, आणि तेव्हा संकेताची वाढ एकावर चौदा शून्ये इतकी सांगितली गेली. क्नाइप यांचा मुख्य आधार, तीव्रतेची वाटणी प्वासाँच्या नियमाप्रमाणे (शून्य, एक, दोन असे मोजके रेणू सापडण्याच्या शक्यता सांगणारा नियम) दिसते, हा होता. पुढे ल रू आणि एचगॉइन यांनी दाखवले की मोजकेच वर्णपट घेतले तर रेणू अनेक असतानाही तसाच आलेख मिळू शकतो. रंजक स्वतःच लेसरचा प्रकाश शोषत असेल तर एकावर आठ शून्यांच्या आसपासची वाढही पुरते, हेही पुढे स्पष्ट झाले. दोन कणांमधल्या एक-दोन नॅनोमीटरच्या फटीत विद्युतक्षेत्र शंभरपट झाले की एवढी वाढ मिळते, कारण संकेत साधारणपणे क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढतो.

खात्रीचा मार्ग दोन रंजकांचा आहे. २००७ मध्ये व्हॅन ड्यूइन यांच्या गटाने साधे रोडामिन आणि चार ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) अणू घातलेले रोडामिन समप्रमाणात मिसळले. दोन्हींचे रसायन जवळजवळ सारखेच, पण ६१० जवळची रेषा दुसऱ्यात ६०० कडे सरकते. ठिपक्यात एकच रेणू बोलत असेल तर दोन्ही रेषा एकत्र दिसणारच नाहीत. सारख्या तेजाचे दोन रेणू असतील तर निम्मे वर्णपट मिश्र येतील, तीन असतील तर पाऊण, आणि दहा असतील तर जवळजवळ सगळेच. मला ही कसोटी फार सुंदर वाटते, कारण तिला वाढीचा आकडा माहीत असण्याची गरजच नाही.

कणाद

दोघांचेही मनापासून आभार. ड्यूटेरियमयुक्त रंजक आमच्या विभागाला परवडणारे नाही. त्याऐवजी क्रिस्टल व्हायोलेट चालेल का?

अनुनाद

चालेल, मात्र दोन्ही रंजकांचे चांदीला चिकटणे आणि ५३२ ला शोषण सारखे नाही. त्यामुळे आधी जास्त संहतीत दोघांच्या रेषा तुल्यबळ दिसतील असे प्रमाण ठरवा, आणि मग तेच प्रमाण कायम ठेवून दोन्ही एकत्रच पातळ करत जा. रोडामिनसाठी ६१२ आणि क्रिस्टल व्हायोलेटसाठी ९१५ जवळची रेषा घ्या, त्या एकमेकींत मिसळत नाहीत.

चंदेरी

एक गोष्ट राहिली. अंधारे ठिपकेही मोजा आणि किती वर्णपट गाळले ते लिहा. २००८ मध्ये फँग, सिओंग आणि ड्लॉट यांनी चांदीच्या एका पृष्ठावर मोजले, तेव्हा दहा लाखांपैकी अवघ्या ६३ जागांनी एकूण संकेताचा २४ टक्के वाटा उचललेला आढळला. म्हणजे साठ रेणूंच्या गुच्छातही योग्य फटीत एखादाच असू शकतो, आणि मिश्र वर्णपट कमी आले तर तुमचा दावा टिकेल. तोपर्यंत प्रबंधात ‘अत्यल्प रेणूंकडून आलेला, वेळेनुसार बदलणारा संकेत’ असे लिहिणे योग्य होईल.