रि: नवा सर्व्हर – साइट दिसते, मेल येईनात

सचिव (सध्या सोलापूर):
नमस्कार मंडळी. काल रात्री डोमेनचे नेमसर्व्हर (साइट कुठं, मेल कुठं, हे जगाला सांगणारे) बदलले. साइट क्लाउडवरून, म्हणजे नव्या भाड्याच्या सर्व्हरवरून, झकास उघडतेय, पण हळदीकुंकवाच्या नोंदणीचे मेल सकाळपासून येईनात. अण्णा, डोमेनचं लॉगिन तुमच्या नावावर, ओटीपी तुमच्याच फोनवर. आज जरा जागे राहा. उद्या सिद्धेश्वर यात्रेचा तैलाभिषेक, परवा अक्षता. नंदीध्वजांची (मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक निघाली की मी कुणाच्या हाताला लागायचो नाही.

खजिनदार:
आधी बिलाचं बोला. नुसत्या आयपी पत्त्याचे, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्याचे, तासाला अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर, हे कार्यकारिणीत कुणी सांगितलं होतं? जुन्या होस्टिंगला काय धाड भरली होती?

अण्णा:
> लॉगिन तुमच्या नावावर
आहेच, आणि राहील. मागच्या कमिटीनं नूतनीकरणाचे मेल वाचलेच नाहीत, तेव्हा डोमेन मी माझ्या कार्डावर सोडवलंय. ओटीपी असा चारचौघांत मागू नये. फोन करा, माझं जेवण झाल्यावर.

वहिनी:
मला तर सकाळी दोन नोंदण्या आल्या की! बरं, येताना शेंगा चटणी आणा. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मागची मिक्सरमधली होती, नुसता भुगा.

बंटी:
अण्णांच्या ओटीपीचं कामच नाही. नेमसर्व्हर बदलले, म्हणजे आता रेकॉर्ड क्लाउडच्या डीएनएस झोनमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) टाकायचे, डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारकडे नाही. तिथं साइटचा आयपी सांगणारं ए रेकॉर्ड आहे, मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ते सांगणारं एमएक्स नाहीच. एमएक्स नसलं की मेल ए रेकॉर्डच्या आयपीवर जातो, आणि आपल्या सर्व्हरवर मेल घ्यायचं दार, 25 नंबरचं पोर्ट, बंद. वहिनींना आले, कारण काहींकडे जुनं उत्तर अजून कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) आहे.
जुना नेमसर्व्हर थेट विचारलं तर अजून सांगतोय. त्याच्याकडून एमएक्स आणि एसपीएफची टीएक्सटी ओळ (आपल्या नावानं मेल कोणी पाठवायचा, ते सांगणारी) जशीच्या तशी उचल. एमएक्समध्ये आयपी टाकू नको, नावच लागतं. सर्व्हर रीस्टार्ट बिस्टार्ट काही करू नको बे.

खजिनदार:
मग अडकलेल्या नोंदण्या बुडाल्या का? त्यात पैसे भरलेलेही आहेत.

बंटी:
नाही. पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

काका:
त्यापेक्षा पत्ताच देवनागरीत घ्या. .भारत 2014 पासून मिळतंय.

वहिनी:
काका, निमंत्रणावर शोभेल हो. पण तसला मेलपत्ता निम्मे फॉर्म घेत नाहीत.

सचिव:
टाकलं दोन्ही. तासाभरात मेल धडाधड पडायला लागले, जुने-नवे सगळे मिसळून. वहिनी, दोनदा आलेली नावं तुम्हीच गाळा. जुनं होस्टिंग आणखी आठवडाभर बंद करू नका, खजिनदारसाहेब. इथं नळ आलाय, पाणी भरून घेतो.

अण्णा:
लॉगिनचा विषय वार्षिक सभेत घ्यावा. लेखी.