'रेमिशन'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरी: माझ्या पुतण्याला, वय ७, गेल्या वर्षी एएलएल निघाला. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर हाच. महिनाभराच्या केमोनंतर डॉक्टर म्हणाले, रेमिशन आलं. वहिनीनं रात्री मोबाइलवर मराठीत शोधलं, तर एकीकडे 'रोगमुक्ती', दुसरीकडे चक्क 'संपूर्ण माफी'. सकाळी पेढे आणले आणि म्हणाली, आता पुढच्या गोळ्या कशाला? अजून दोन वर्षांचे उपचार बाकी होते! मी आता पालकांसाठी मराठी माहितीपत्रक लिहितेय. खोटा दिलासा देणार नाही आणि घाबरवणारही नाही, असा शब्द सुचवा.

कसबेकर: उपशम. आयुर्वेदात शोधन आणि शमन वेगळे. शोधनात दोष बाहेर काढतात, शमनात जागच्या जागी शांत करतात. तुम्हाला हवी ती छटा हीच.

लॅबवाली: काका, छटा अचूक आहे. पण 'उपशम' छापलंत तर येणारी प्रत्येक आई मलाच विचारेल, ताई म्हणजे काय हो? रेमिशन म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेतल्या ब्लास्ट पेशी (अपक्व पेशी) ५ टक्क्यांच्या खाली आल्या आणि रक्ताचे काउंट सावरले. निदानाच्या वेळी अंगात साधारण १ लाख कोटी वाईट पेशी असतात. रेमिशनमध्ये मायक्रोस्कोपखाली सगळं छान दिसतं, तरी १ हजार कोटी उरलेल्या असू शकतात. 'रोगमुक्ती' वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मुळशीकर: आमच्यात 'उतार पडला' म्हणतात. तापाला उतार पडला म्हणून आजीनं कधी काढा बंद केला नाही, उलट पथ्य जास्तच कडक.

कसबेकर: बोलायला गोड आहे. पण 'पूर्ण उतार', 'आंशिक उतार' असं छापणार? सातबारा वाटेल.

मुळशीकर: सातबाराचा तो उतारा, काका. आणि कळणारा शब्द छापला तर बिघडतं काय?

लॅबवाली: याहून जास्त घोळ 'अक्यूट'ला 'तीव्र' आणि 'क्रॉनिक'ला 'जुनाट' म्हटल्यानं होतो. सीएमएलच्या (क्रॉनिक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) एक बाई म्हणाल्या, परवा तर कळलं, मग जुनाट कसा? दुसरे एक आजोबा 'तीव्र नाही' ऐकून निर्धास्त झाले. खरं तर फरक वेगाचा: एक झपाट्यानं वाढतो, दुसरा सावकाश.

भाषांतरी: हो, हे पत्रकात घालतेच. 'अस्थिमज्जा'चंही तसंच. पुतण्यानं विचारलं, हाडांची कसली मज्जा?

कसबेकर: ती मजा फारशी, ही मज्जा शुद्ध संस्कृत. पोराला तेवढं सांगा.

मुळशीकर: मग 'मगज' म्हणा की. खाटकाकडे नळीतलं काय मागतो आपण?

कसबेकर: मगजही फारशीच!

लॅबवाली: काका, फारशी 'मग्ज' आणि संस्कृत 'मज्जा' एकाच मुळातून आलेत, सख्खी चुलत भावंडं. आणि नळी नकोच, तपासणीची सुई बहुतेकदा कमरेच्या हाडात जाते, तिथं नळी कुठली?

भाषांतरी: रेमिशनचं राहिलंच. आज वहिनीला 'उतार पडलाय, औषध चालू' असं वाचून दाखवते, काय समजते बघू.

कसबेकर: दाखवा. पण मज्जेच्या जागी मगज घालू नका, पोर म्हणेल मेंदूत सुई घातली.