इंटर-कॉलेज हरल्यावर कोचनी भावाला माईकवर सुनावलं, आता काय करावं?

खानापूरचा_दादा

नमस्कार मंडळी. प्रश्न बास्केटबॉलचा आहे पण घरचा पण आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ बेळगावात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उंची सहा फूट दोन, म्हणून पहिल्याच वर्षी कॉलेजच्या टीममध्ये सेंटर म्हणून, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच गडी म्हणून घेतलं. आमच्या तालुक्यात कबड्डी आणि व्हॉलीबॉल गल्लोगल्ली, बास्केटबॉलची रिंग मात्र शोधावी लागते, तरी हा शिकला आणि चांगला शिकला. आता इंटर-कॉलेजची सेमीफायनल होती. हाफटाइमपर्यंत आमची टीम पुढं होती, चौथ्या क्वार्टरला समोरच्यांनी नुसत्या फास्टब्रेकवर, म्हणजे आम्ही मागं परतायच्या आत पळत जाऊन बास्केट टाकत, मॅच काढून घेतली. मॅच संपल्या संपल्या एका लोकल यूट्यूबवाल्यानं माईक धरला आणि कोच सरांनी कन्नडमध्ये भावाचं नाव घेऊन सांगितलं, ह्याला चार मिनिटांत धाप लागते, बॉल गेला की मागं पळत येत नाही, देवानं उंची दिली पण कष्ट करायची तयारी नाही, असलं शरीर घेऊन कॉलेज बास्केटबॉल होत नाही.

ती क्लिप रात्रीपर्यंत गावच्या सगळ्या ग्रुपवर. नंदगडच्या मावशीचा फोन आला, पोरगं आजारी आहे काय म्हणून. आईला कन्नड चांगलं समजतं, तिनं क्लिप बघितली आणि एवढंच म्हणाली, "पोरगं एवढी मरमर करूलालंय ते कुणाला दिसंना." तेव्हापासून भाऊ प्रॅक्टिसला गेलेला नाही. बॅग दाराच्या मागं तशीच आहे, बूट पण त्यातच.

आता दुसरी बाजू. मॅच मी स्वतः बघितली आणि शेवटी शेवटी तो खरोखर चालतच मागं येत होता, ते मी नाकारत नाही. पण पहाटे उठून बस धरायची, कॉलेज, संध्याकाळी प्रॅक्टिस, घरी जेवायला बसतो तेव्हा रात्रीचे नऊ. पावसाळाभर सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ, प्रॅक्टिस जवळजवळ बंदच. वरून ऑगस्टात टायफॉईड झाला, वजन उतरलं ते अजून भरलेलं नाही. हे त्यानं सरांना सांगितलंच नाही. त्याचं शिक्षण मराठी मीडियमचं, कन्नड तोडकंमोडकं, सर कडक, हा मुळात अबोल.

वडील म्हणतात सोडून दे खेळ, डिग्री कर. मी जाऊन सरांशी बोलू का? गेलो तर त्याला कायमचं बेंचवर बसवतील अशी भीती वाटते. आणि सर बोलले त्यात खरं किती, हे पण जाणकारांनी सांगावं.

टिळकवाडी_कट्टा

दादा राग मानू नका, पण मी सरांच्या बाजूनं बोलणार. टीममध्ये बारा पोरं असतात. सेंटर परत आला नाही की मागं चौघं पाच जणांना अडवत असतात, ती पोरं पण कुणाची तरी भावंडंच आहेत की. त्यांचं वर्ष गेलं त्याचं काय? इकडचे बहुतेक कॉलेज कोच खिशातनं पेट्रोल घालून संध्याकाळी ग्राउंडवर येतात, मानधन म्हणाल तर नावाला. असा माणूस हरल्यावर तळमळीनं बोलला तर लगेच व्हिलन करू नका.

आणि वर गेल्यावर हेच असतं. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईनं पृथ्वी शॉला रणजी टीममधनं बाहेर काढलं, फिटनेसची चर्चा देशभर झाली. इंडिया टीममध्ये २०१७ पासून यो-यो टेस्ट, म्हणजे पळवून दम मोजायची टेस्ट आली, टॅलेंट कितीही असू दे, पळता आलं पाहिजे. सहा फूट दोन पोरगं आपल्या भागात दिवा घेऊन शोधावं लागतं, म्हणूनच सरांना जास्त लागलं असेल. भावाला सांगा उद्यापासून पळायला लाग, तेच उत्तर.

जुना_सेंटर

वरच्या भावाशी निम्मा सहमत. मी स्वतः सेंटर खेळलोय, बेळगाव-धारवाड-हुबळी पट्ट्यात बरीच वर्षं, त्यामुळं त्या जागेचं सांगतो.

सेंटरला लोक उभा खांब समजतात. कोर्ट २८ मीटरचं. गार्ड मध्ये कुठंतरी थांबतो, सेंटर मात्र ह्या रिंगखालून त्या रिंगखाली, आणि पोचल्यावर विश्रांती नाही, तिथं समोरच्याला पाठीनं रेटून बॉक्स आऊट करायचं, उडी मारायची, खाली आल्यावर परत उडी मारायची, आणि बॉल गेला की परत पळ. मॅच ४० मिनिटांची, सब्स्टिट्यूशन कितीही करता येतं. मग माझा पहिला प्रश्न, पोरगं चौथ्या क्वार्टरला चालत होतं तर त्याला दोन मिनिटं बसवलं का नाही? दमलेला सेंटर ओळखणं अवघड नाही. पाय हलायचे बंद होतात आणि हात पुढं जातो, म्हणजे फाउल वाढतात. फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडतात कारण गुडघ्यातनं जोर येत नाही. डेड बॉल झाला, म्हणजे खेळ थांबला, की शॉर्ट्सची कड धरून वाकतो. हे सगळं बेंचवरनं दिसतं. दिसूनही ठेवला असेल तर हरण्याचा निम्मा वाटा बेंचचा, आणि माईकवर तो निम्मा आलाच नाही.

सर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. दम कमी पडला हे दादाच सांगतायत. पण "दम कमी पडला" आणि "कष्ट करायची तयारी नाही" ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजता येते, पोराला तोंडावर सांगता येते, सांगितलीच पाहिजे. दुसरी म्हणजे त्याच्या मनात काय आहे ते परस्पर ठरवून टाकणं, ते पण गावासमोर. आपल्याकडं तालमीत वस्ताद काय कमी बोलतो? पाठीवर काठी घालतो, जोर चुकला तर परत पहिल्यापासून काढायला लावतो. पण मैदानात पठ्ठ्या चितपट झाला की तोच वस्ताद आत जाऊन त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतो आणि गर्दीतनं बाहेर काढतो. जे काय ऐकवायचं ते दुसऱ्या दिवशी, तालमीचं दार लावून.

कडक कोच मला पण मिळालेत आणि त्यांच्यामुळंच खेळलो. बॅडमिंटनच्या पुलेला गोपीचंदनी रिओ ऑलिंपिकच्या आधी सिंधूचा मोबाईल तीन महिने काढून घेतला होता. ती कोर्टवर गप्प खेळायची म्हणून अकादमीत उभी करून ओरडायला लावलं, पोरगी रडली पण शेवटी ओरडली. २०१६ ला सिल्व्हर आलं. एवढा कडकपणा चालतो, पण तो माणूस पेपरवाल्यांसमोर तिच्या पाठीशी उभा होता.

दादा, ह्यात तुमच्या भावासाठी पण एक गोष्ट आहे. बास्केटबॉलमध्ये सेंटरला सगळं कोर्ट समोर दिसतं, त्यामुळं डिफेन्सला बोलायचं काम त्याचं. स्क्रीन लेफ्ट, स्क्रीन राइट, हेल्प, स्विच, हे ओरडावं लागतं. जो गप्प खेळतो तो जीव तोडून पळाला तरी लांबनं आळशी दिसतो. तोडकंमोडकं कन्नड पुरे झालं, हे शब्द सगळीकडं इंग्लिशमध्येच चालतात.

वडगावची_वैनी

मला खेळातलं कळत नाही, पण लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. टायफॉईड ऑगस्टात झाला आणि पोरगं लगेच मॅच खेळूलालंय? ताप उतरला म्हणजे बरं झालं असं नसतं ओ. टायफॉईडमध्ये दिवसेंदिवस नीट खाल्लं जात नाही, अंगातलं मांस उतरतं, कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटतो पण. आधी सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी करून घ्या, जमलं तर फेरिटिन पण, त्यात अंगातला लोहाचा साठा कळतो. मोठ्या पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर डब्ल्यूएचओच्या हिशोबानं अॅनिमिया. ॲनिमिया फक्त बायकांना होतो असं सगळे धरून चालतात आणि तरण्या पोरांचं रक्त कुणी तपासतच नाही. रक्तात ऑक्सिजन न्यायलाच कमी पडत असेल तर धाप लागणारच, त्याला आळस म्हणायचं काय?

पळताना किंवा पळून झाल्यावर कोरडा खोकला येतो का ते पण विचारा. काही पोरांना व्यायामानं श्वासनळी आवळते, घरी बसल्यावर काही दिसत नाही. असं असेल तर डॉक्टरकडं औषध आहे.

आणि जेवण. नऊला रात्री जेवतो म्हणताय, मग दुपारी डब्यात काय असतं? भात-आमटी खाऊन चारला प्रॅक्टिस केली तर कुठनं जोर येणार? प्रॅक्टिसच्या तासभर आधी दोन केळी, मूठभर शेंगादाणे आणि गूळ, एवढं बॅगेत टाका. घरात नाचण्याची भाकरी, मोडाची उसळ, वरून लिंबू. अंडी चालत असतील तर रोज. जेवणाबरोबर चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट बघून डॉक्टर सांगेल तेव्हाच, मेडिकलमधनं आपल्या मनानं आणू नका. आईंना सांगा पोरगं गुणी आहे म्हणून.

अनगोळ_बॉईज

क्लिप ग्रुपवर फिरवणाऱ्यांना पण काहीतरी वाटू दे. पोरगं १९-२० वर्षांचं आहे. दादा, ॲडमिनला सांगून आधी ती क्लिप डिलीट करायला लावा, बाकीचं नंतर.

खानापूरचा_दादा

सगळ्यांचे आभार, सगळं भावाला वाचून दाखवलं. वैनी, सीबीसी केली, हिमोग्लोबिन १२.४ आलं. डॉक्टर म्हणाले थोडं कमी आहे, भरून येईल, फुफ्फुस स्वच्छ आहे, हळूहळू पळायला हरकत नाही. म्हणजे सगळा दोष आजारपणाचा असं पण नाही. मी सरळ विचारलं तर भाऊ म्हणाला, तिसऱ्या क्वार्टरनंतर पाय जड झाले आणि मग माझं मनच पुढं जाईना, आता बदलतील, आता बदलतील असं वाटत राहिलं. बसवा असं सरांना खूण करून सांगायला तोंड उघडलं नाही.

परत खेळायचं म्हणतोय. वडील अजून गप्प आहेत. सरांकडं मी जावं की त्यानं एकट्यानं जावं, आणि पळायला सुरुवात किती पासून करावी, एवढंच सांगा.

पीटी_मास्तर_निपाणी

पहिल्यांदा जायचं तर त्यानंच, तुम्ही नाही. मोठा भाऊ आला की सर बचावाच्या पवित्र्यात जाणार आणि सगळं लक्ष तुमच्यावर. प्रॅक्टिस संपल्यावर, बाकीची पोरं गेल्यावर गाठायचं. हातात रिपोर्ट असू दे. मराठीत बोलू दे, बेळगावातल्या बहुतेक सरांना समजतं. तीन गोष्टी सांगायच्या: ऑगस्टात टायफॉईड झाला होता, तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. दम कमी आहे ते मला मान्य, मला टेस्ट घ्या आणि काय करायचं ते लिहून द्या. आणि तिसरी गोष्ट गिळू नये, स्पष्ट बोलू दे: सर, मला काय पण बोला, पण मला बोला, घरात आईनं ते बघितलंय. मी पण कोच आहे, पोरानं डोळ्यात बघून असं सांगितलं तर कुठल्याही मास्तरच्या काळजाला लागेल. तरी त्यांनी उडवून लावलं तर मग तुम्ही जा, कॉलेजच्या फिजिकल डायरेक्टरना भेटा, शांतपणे. माफी मागा म्हणून हट्ट धरू नका, परत माईकवर पोराचं नाव घेणार नाही एवढा शब्द घ्या.

टिळकवाडीच्या भावाचं "उद्यापासून पळायला लाग" मला अजिबात पटलं नाही. आपल्याकडं दम वाढवायचा म्हटलं की सुसाईड मारायला लावतात. बेसलाइनवरनं जवळची फ्री थ्रो लाइन, परत, हाफ, परत, लांबची फ्री थ्रो, परत, पलीकडची बेसलाइन, परत. एक सुसाईड म्हणजे १४० मीटर आणि सात वेळा वळणं. तब्येत धडधाकट असलेल्याला ठीक, आजारातनं उठलेल्याला पहिल्या दिवशी दहा मारायला लावल्या तर गुडघे जातील नाहीतर चक्कर येऊन पडेल. आणि पळवणं शिक्षा म्हणून तर कधीच नको. अमेरिकेत मेरीलँड युनिव्हर्सिटीत २०१८ च्या मे महिन्यात जॉर्डन मॅकनेअर नावाचा १९ वर्षांचा अमेरिकन फुटबॉलचा पोरगा पळण्याच्या सरावात उष्माघातानं कोसळला, वेळेवर थंड पाण्यात ठेवला नाही, दोन आठवड्यांनी गेला. त्या वर्षीच हेड कोचला काढलं. पोरगं खाली बसलं तर नाटक करतोय असं धरून चालणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सुरुवात अशी करा. पहिले दोन आठवडे एक दिवस आड, २०-२५ मिनिटं, बोलता येईल एवढ्याच वेगानं, मातीवर, डांबरावर नको. तिसऱ्या आठवड्यापासून २० मीटरच्या शटल, ४० मीटर पळून १० सेकंद चालायचं, यो-यो टेस्ट ह्याच पद्धतीची असते म्हणून. बास्केटबॉल पण असाच तुटक पळण्याचा खेळ आहे, नुसतं लांब जॉगिंग करून चौथा क्वार्टर निघत नाही. यो-योचा ऑडिओ मोबाईलवर मिळतो, खुणेला ठेवायचे दोन प्लास्टिकचे कोन आणि मोजायची टेप असली की झालं. पहिला आकडा वहीत लिहा, तीन आठवड्यांनी परत घ्या, आणि दोन्ही आकडे सरांना दाखवा. आकडा वाढलेला दिसला की कष्ट करत नाही म्हणायला जागाच राहत नाही, आणि नाही वाढला तर कुठं अडलंय ते दोघांना पण कळेल.

झोप आठ तास पाहिजेच. पहाटेची बस असेल तर रात्री मोबाईल आईंकडं द्या. आणि मॅचमध्ये दम लागला की मूठ वर करून बेंचकडं खूण करायची, त्यात लाज कसली? ही खूण सरांशी भेटीतच ठरवून घेऊ दे.