तीन कोड एकदम आले, फिटर म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला. खरंच?

बोनेट_उघडा

नमस्कार मंडळी. पेट्रोल गाडी आहे, नऊ वर्षं झाली, आजवर कधी रस्त्यात उभी राहिली नव्हती. गेल्या आठवड्यात गतिरोधकावरून उतरताना चेक इंजिनचा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन दीड हजार आरपीएमच्या वर जाईना. बाजूला घेतली, चावी बंद करून परत चालू केली, तर काही झालंच नाही अशी पळाली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आता रोजचं झालंय.

स्कॅनरवर तीन कोड: पी०१०७, पी०१२२, पी०६४२. फिटरने पहिला बघून मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बदलला, फरक शून्य. आता म्हणतो, "इतके कोड एकदम म्हणजे ईसीएमच गेला." माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे आणि हात काळे करायची तयारी आहे. ईसीएम मागवण्याआधी काय काय बघू?

दहाबाराचा_पाना

नवा कशाला, भंगारातल्या गाडीचा ईसीएम बघा. नंबर जुळला की लावायचा आणि मोकळं व्हायचं.

कल्हईवाला

पाना, एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. इमोबिलायझर (चोरी टाळायला चावी ओळखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत दुसऱ्याचा ईसीएम तुमची चावी ओळखत नाही. जुळवणी केल्याशिवाय इंजिन चालूच होणार नाही.

मी ईसीएमचे बोर्ड दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर येणारे बरेच बोर्ड धडधाकट निघतात, दुखणं गाडीतच राहिलेलं असतं. बोर्ड परत पाठवला की लोकांना वाटतं मला जमलं नाही. असो.

बोनेट, फिटरने सोडून दिलेला तिसरा कोडच कामाचा आहे. पी०६४२ म्हणजे ईसीएम सेन्सरांना जे ५ व्होल्ट पुरवतो, ते कमी पडतायत. मॅप आणि थ्रॉटल पोझिशन (हवेची झडप किती उघडी ते सांगणारा) हे दोन्ही सेन्सर पुष्कळ गाड्यांत याच लाइनवर जगतात. लाइन बसली की दोघांचाही सिग्नल खाली येतो आणि पी०१०७, पी०१२२ पडतात. थ्रॉटलचा भरवसा गेला की ईसीएम इंजिनला वेसण घालतो, ते तुमचं दीड हजार. अख्ख्या चाळीचं पाणी गेलं तर कोणी घरोघरच्या तोट्या बदलत बसत नाही.

आता ५ व्होल्ट कोण खातंय? एखादा सेन्सर आतून शॉर्ट असेल, वायर कुठेतरी बॉडीला लागत असेल, नाहीतर ईसीएममधला हे ५ व्होल्ट बनवणारा रेग्युलेटर गेला असेल. रेग्युलेटरवर शेवटी या.

मॅप सेन्सरचं सॉकेट काढा. चावी ऑन, इंजिन बंद. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक सॉकेटमधल्या ५ व्होल्टच्या पिनेला. पिन कुठली ते वायरिंग डायग्राममध्ये बघा, वायरच्या रंगावर जाऊ नका. आणि मीटरचं जाड टोक पिनेत कोंबू नका हो! पिन सैल झाली की नवा आजार, आणि तो शोधायला पुन्हा आठवडा. बारीक टाचणी घ्या. आकडा ५ च्या अगदी जवळ हवा.

पडलेला दिसला तर मीटरवर नजर ठेवून त्या लाइनवरचे सेन्सर एकेक काढत जा. एसीच्या पाइपवरचा प्रेशर सेन्सर विसरू नका. इंजिन पळत नाही म्हणून एसीकडे कोण बघतो, पण तोही बऱ्याचदा याच लाइनवर असतो. एखादा काढल्याबरोबर ५ परत आले तर चोर सापडला. सगळे काढूनही आले नाहीत तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा, ईसीएमचं सॉकेट काढा आणि त्या वायरीपासून बॉडीपर्यंत रेझिस्टन्स मोजा. मीटरने काहीच दाखवायला नको. दोनचार ओहम आले तर वायर शॉर्ट आहे, ईसीएम निर्दोष.

आकडा बरोबर दिसला तरी सोडू नका, हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत पुढे सरका. सेन्सर काही गतिरोधक बघून मरत नाही. मला वायरीचाच संशय येतोय.

बोनेट_उघडा

रविवारी सकाळी बसलो. पहिला आकडा ५.०२. मनात म्हटलं, झालं, आता हा दिवसभर असाच दाखवणार. सगळे सेन्सर काढले (एसीचा खरंच त्याच लाइनवर निघाला), तरी ५.०२. मग मुलाला मीटर धरायला बसवलं आणि हार्नेस चाचपत निघालो. बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला आणि मुलगा ओरडला, "बाबा, शून्य!" ०.०३ होतं. हात काढला की ५.०२, दाबला की ०.०३.

ट्रे काढला. हार्नेस धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटलेली, त्यामुळे तो खाली लोंबून पत्र्याच्या ब्रॅकेटच्या कडेवर टेकला होता. वरची काळी नळी घासून फाटलेली, आत एका वायरीवर मोहरीच्या दाण्याएवढं तांबं उघडं. ब्रॅकेटचा रंगही तेवढ्याच जागी उडून पत्रा चकचकीत झालेला. क्लिप बहुधा मागे बॅटरी बदलताना तुटली असावी.

तूर्त इन्सुलेशन टेप गुंडाळलाय, तीन दिवस झाले, दिवा नाही. इतक्या वेळा शॉर्ट होऊन ईसीएमला इजा झाली असेल का?

कल्हईवाला

मुलाला शाबासकी द्या. शॉर्ट सुटल्यावर ५.०२ परत येतात ना, मग रेग्युलेटर शाबूत आहे. या लाइनला ईसीएमच्या आत सहसा करंटची मर्यादा घातलेली असते.

टेपवर मात्र राहू नका. इंजिनच्या उष्णतेने गोंद वितळतो आणि टेप सुटतो. तांब्याचे तंतू तुटले असतील तर तेवढा तुकडा कापून सोल्डर करा, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा, नवी नळी घाला. आणि क्लिप! क्लिप नाही लावली तर पुढच्या वर्षी याच जागी भेटू.

दहाबाराचा_पाना

मी माझे शब्द मागे घेतो. जुना मॅप सेन्सर फेकला नाहीत ना? तो तर चांगलाच होता.

बोनेट_उघडा

डिकीत आहे. फिटर "कचरा" म्हणत होता, मीच मागून घेतला.