मिक्सर घ्यायचाय, ४००० पर्यंत : देशी की चिनी, आणि आत नेमकं काय बघायचं?

सांगलीची_वर्षा

नमस्कार. घरात पाच माणसं. रोज ओल्या खोबऱ्याचं वाटण, आठवड्याला शेंगदाण्याचं कूट, वर्षातून दोनदा मसाला, कधीकधी इडलीचं पीठ. जुना ५०० वॅटचा मिक्सर वास येऊन बंद पडलाय. दुकानात ७५० वॅटचे ३५०० ते ४५०० पर्यंत मिळताहेत. ऑनलाइन मात्र "१००० वॅट, फुल कॉपर" लिहिलेला १३०० रुपयांना दिसतोय. घरचे म्हणतात तो चिनी माल, हात लावू नका. दुकानदार म्हणतो सगळ्यांचेच सुटे भाग तिकडून येतात. मग बघायचं काय?

तांबेतार

वर्षाताई, नवा घेण्याआधी जुना खरंच गेलाय का ते तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

प्लग काढा, भांडं उतरवा, मशीन आडवं करा. बुडाशी एक छोटं बटण असतं, बहुतेक वेळा लाल. ते ओव्हरलोडचं. भार जास्त झाला की ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. मशीन निदान दहा मिनिटं गार होऊ द्या, बटण आत दाबा, सरळ ठेवून भांड्याशिवाय एक नंबरवर क्षणभर चालवा. चाललं तर मोटर शाबूत आहे.

मग भांडी बघा. प्रत्येक भांड्याचं पातं हाताने फिरवा (सुती फडकं धरून, पात्याला धार असते). सहज फिरलं पाहिजे. जड फिरत असेल तर बुश (भांड्याच्या बुडात पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) आवळलाय. मिक्सर जळण्याचं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण. मिक्सरची मोटर सिरीज प्रकारची असते : भार वाढला की वेग उतरतो आणि करंट चढतो. तिला गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असतो, त्यामुळे वेग उतरला की वाराही कमी होतो. म्हणजे उष्णता वाढते नेमकी तेव्हाच, जेव्हा ती बाहेर काढणारा वारा मंदावलेला असतो.

बटण दाबूनही काहीच हालचाल नसेल तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या दोन छोट्या कांड्या) संपलेत का ते बघायला सांगा. ५-६ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले की बदलायचे, आणि दोन्ही एकदम. जोडी शंभराच्या आत येते. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, म्हणजे कपलर (मोटरच्या दांड्यावरचा, भांड्याला फिरवणारा दातेरी तुकडा) गेला. तो काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा : बहुतेक मिक्सरांत त्याचे आटे उलटे असतात. बुडाच्या भोकातून दांड्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवून धरायचा आणि कपलर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. नेहमीच्या सवयीने उलटं फिरवलं की तो आणखी आवळतो, आणि मग पक्कड लावून लोक तो फोडतात.

कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या चालतात. कम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याचं कडं) नारिंगी कडं दिसत असेल आणि वॉर्निश जळाल्याचा वास जात नसेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, गेलं. ५०० वॅटच्या जुन्या मशीनला नवीन आर्मेचर टाकण्यात अर्थ नाही, नवा घ्या.

हिशेबनीस

आता १३०० रुपयांच्या हजार वॅटबद्दल. किंमत कुठून खाली येते ते कळलं की कुठल्या देशाचा हा प्रश्न बराचसा सुटतो.

पहिली कात्री वाइंडिंगवर, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीवर. अॅल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के. तेवढाच करंट तेवढ्याच उष्णतेत न्यायचा तर तारेचं छेदक्षेत्र दीडपटीहून जास्त हवं. मोटर मोठी केली तर अॅल्युमिनियमही चालतं, पण स्वस्त मशीनमध्ये लोखंडी पत्र्यांचा संच तोच, खाचा त्याच, त्यात जाड तार बसत नाही. मग बारीक तार आणि तापलेली मोटर. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही येते, तिला वरून बघून कोणी ओळखू शकत नाही. "फुल कॉपर" हे शब्द खोक्यावर नसून वॉरंटी कार्डावर आहेत का, ते बघा.

दुसरी कात्री पत्र्यांच्या संचाच्या उंचीवर. तिसरी बेअरिंगवर : बॉल बेअरिंगच्या जागी साधा बुश. चौथी ओव्हरलोडच्या बटणावर, ते मुळात नसतंच. पाचवी वायरवर, आणि ती सर्वांत धोक्याची. हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टवर सव्वाचार अँपियरहून थोडा जास्त करंट. त्याला तीन तारांची ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर हवी. वायरवर आकडा छापलेला असतो, वाचा.

या सगळ्या काटछाटी चीनमधल्या शुंदमध्ये होतात तशाच दिल्लीतही होतात.

भांडेगल्ली

भांड्यांचं मी सांगतो, कारण मोटर बघून घेतात आणि भांडी तशीच राहतात.

मिक्सरच्या भांड्यांत स्टेनलेस मुख्यतः दोन प्रकारचं येतं. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के, बाकी भर मँगनीजची. चिंच, टोमॅटो, मीठ रोज पडलं की २०२ ला सांध्यापाशी तांबूस ठिपके येतात. लोहचुंबक लावून बघा असा सल्ला सर्रास दिला जातो, तो इथे कामाचा नाही, कारण दोन्ही पत्र्यांना चुंबक जवळपास चिकटत नाही. मोठ्या भांडीवाल्यांकडे थेंब टाकून रंग बघायचं रसायन असतं, ते खरं. नाहीतर कंपनीने ग्रेड लेखी दिलाय का, एवढंच बघा.

बूड उलटं करून बघा. बुश पितळी किंवा ब्राँझचा हवा, खालचा नट हाताने हलता कामा नये. भांड्यात पाणी भरून कोरड्या कागदावर पंधरा मिनिटं ठेवा. कागद ओला झाला तर ते भांडं दुकानातच परत करा. बुशातून झिरपणारं पाणी कपलरमधून खाली उतरतं, बेअरिंग गंजतं आणि दोष मोटरला लागतो.

भांडी घेताना तीन पुरेत : दीड लिटरचं, एक लिटरचं आणि ४०० मिलिलिटरचं चटणीचं. चार-पाच भांड्यांचा संच दाखवून मोटर हलकी देणं ही जुनी युक्ती आहे.

कारखानीस

हिशेबनीस, काटछाट सगळीकडे होते हे मान्य. तरी देश बिनमहत्त्वाचा, हे मला पटत नाही.

मिक्सर ही आपल्या स्वयंपाकघराने घडवलेली वस्तू आहे. १९६३ साली सत्यप्रकाश माथूर यांनी 'सुमीत' उभा केला तो याच कारणाने : घरातला जर्मन ब्राऊनचा मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही. युरोपातला ब्लेंडर पातळ आणि मऊ पदार्थांसाठी असतो. सुकं खोबरं, हळकुंड, भिजवलेली डाळ त्याच्या हिशेबात नसते. चेन्नई आणि कोइमतूर भागात या मोटरचं ज्ञान कित्येक वर्षं साचलंय. तिथे बनलेल्या मशीनचा कपलर, कार्बन, बुश आज सांगलीत मिळतो, दहा वर्षांनीही मिळेल. एका कंटेनरमधून आलेल्या आणि एकाच हंगामात विकल्या गेलेल्या नावाचा कपलर कुठे शोधणार? दुरुस्तीवाल्याचं पोट आणि तुमच्या मशीनचं आयुष्य, दोन्ही त्या सुट्या भागावर आहे. म्हणून मी ठामपणे सांगतो, मिक्सर इथेच बनलेला घ्या.

हिशेबनीस

मिक्सरपुरतं शंभर टक्के मान्य. पण हाच नियम एअर फ्रायरला लावला तर फसगत होते.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात फोशान शहरात शुंद नावाचा भाग आहे. मिडिया, गॅलान्झ या घरगुती उपकरणांच्या मोठ्या कंपन्या तिथल्याच. साचे करणारा, मोटर गुंडाळणारा, खोकी छापणारा असे सगळे जवळजवळ. एकच साचा, त्यावर वीस कंपन्यांची नावं. गिऱ्हाईक जो दर सांगेल त्या दराचा माल तिथे बनतो : उत्तम सांगा, उत्तम मिळतो, सगळ्यात स्वस्त सांगा, तोही मिळतो. त्यामुळे माल कसा निघेल ते मागवणाऱ्या कंपनीवर ठरतं. विजेच्या किटलीचं उदाहरण घ्या. पाणी उकळल्यावर ती बंद करणारा द्विधातूचा भाग ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅनमधली स्ट्रिक्स कंपनी बनवते, आणि तिचा कारखाना ग्वांगझूमध्येही आहे. तो भाग असलेली चिनी किटली ही नक्कल भाग असलेल्या देशी किटलीपेक्षा केव्हाही सुरक्षित.

कारखानीस

किटलीचं उदाहरण चोख. पण मागवणारी कंपनी इथे सापडली पाहिजे, माझा मुद्दा तोच. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा फोन हे सगळं छापणं वेष्टित मालाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रीच्या पानावरही मूळ देश दाखवावा लागतो. यातलं एक जरी नसेल तर पुढे जाऊ नका. "मेड इन इंडिया" वाचतानाही सावध राहा : सुटे भाग आणून इथे फक्त स्क्रू आवळलेली मशीनंही त्या नावाने येतात.

सांगलीची_वर्षा

खूप आभार. जुना तपासला. बटण आत होतं, कार्बनही ठीक आहेत, पण नारिंगी कडं दिसलं. म्हणजे नवाच. त्या १३०० वाल्याच्या पानावर मूळ देश "भारत" आहे, उत्पादकाचा पत्ता मात्र नाही, फक्त विक्रेत्याचं नाव. आयएसआय चिन्ह फोटोत दिसतंय, खाली नंबर अस्पष्ट आहे.

कारखानीस

सोडून द्या. आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक वाचता आलाच पाहिजे. बीआयएस केअर नावाचं सरकारी अॅप फोनवर घ्या, त्यात तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव, पत्ता, कुठल्या वस्तूसाठी परवाना आहे आणि तो चालू आहे का, सगळं दिसतं. मिक्सरचं मानक आयएस ४२५०. परवाना दुसऱ्याच वस्तूचा निघतो, असंही होतं, म्हणून मानकाचा आकडा जुळवा. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड आणि गीझर यांना तर आयएसआय कायद्यानेच सक्तीचं आहे; चिन्हाशिवायचा दीडशे रुपयांचा रॉड कुणी आणला तर घरात घेऊ नका. त्यात जीव जातो.

जर्सीतली_सई

अवांतर विचारते. भारतातून ७५० वॅटचा मिक्सर अमेरिकेत आणला तर ट्रान्सफॉर्मरवर चालेल का?

तांबेतार

चालेल, पण स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर निदान १५०० व्हीएचा घ्या, सुरू होताना करंट उसळतो. तो जड आणि महाग असतो, ओट्यावर जागा खातो. या मोटरला ५० की ६० हर्ट्झ याने फरक पडत नाही, प्रश्न फक्त व्होल्टेजचा. त्यापेक्षा आपल्याच कंपन्यांची ११० व्होल्टची मॉडेलं तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतात, ती घ्या. आणि उलट चूक करू नका : ११० चं मशीन इथे २३० वर लावलं तर काही क्षणांत जळतं.

वर्षाताई, तुमच्यासाठी. ७५० वॅट पुरेत, हजारची गरज नाही. प्लेटवर किती मिनिटं चालू आणि किती मिनिटं बंद हे लिहिलेलं असतं. मसाला करणाऱ्या घरात एकूण ३० मिनिटांचं रेटिंग असलेलं मशीन घ्या. दुकानात एकाच वॅटची दोन मशीनं भांड्यांशिवाय उचलून बघा. जे ठळकपणे हलकं, त्यात तांबं आणि लोखंड कमी. वॉरंटी मशीनला २ आणि मोटरला ५ वर्षं ही सर्रास मिळते. कपलर, बुश, कार्बन त्यात धरत नाहीत, तेव्हा सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे का आणि कपलर आज मिळतो का, हे आधी फोन करून विचारा.

पहिल्या काही वेळा चालवताना वॉर्निशचा हलका वास येईल, तो जातो. धूर मात्र येता कामा नये.

भांडेगल्ली

आणि वापराचं. कोरडं असेल तर भांडं अर्ध्यापर्यंत, ओलं असेल तर दोन तृतीयांश, त्यापुढे नाही. कूट करताना सलग फिरवू नका, थांबत थांबत. सलग फिरवलं की तेल सुटून लगदा होतो. मसाल्यात खोबरं आणि तीळ वेगळे वाटा आणि शेवटी मिसळा. एकत्र घातले तर तेलकट थर पात्याखाली बसतो, वरचं धणं-जिरं तसंच फिरत राहतं आणि मोटर तापते. हळकुंड आधी खलबत्त्यात फोडून घ्या. भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्यावरच भांड्यात : वाफ झाकण उडवते आणि रबर फुगवते. इडलीच्या पिठाला गार पाणी, दोन-तीन घाण्यांत. दर आठवड्याला दोन किलोंच्या वर पीठ होत असेल तर कोइमतूरचा दगडी वेट ग्राइंडर वेगळा घ्या.

सांगलीची_वर्षा

पीठ किलोभरच असतं, मिक्सरच पुरेल. उद्या दुकानात जाऊन भांड्यात पाणी भरून बघते. दुकानदाराने ते करू दिलं नाही तर?

भांडेगल्ली

तर दुसरं दुकान. चांगला दुकानदार स्वतः पाणी आणून देतो. बिलावर मशीनचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का तिथेच मारून घ्या. पुढे वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. तक्रार नोंदवताना तो अनुक्रमांक आणि बिलाचा फोटो हाताशी ठेवा.