परदेशातलं पहिलं वर्ष: तिथे तुम्हाला ओळखतं कोण?

मंडळी, माझी भाची नोकरीसाठी जर्मनीला निघाली आहे. सल्ले देणारे पुष्कळ आहेत, पण गाडी 'प्रेशर कुकर न्यावा का' याच्यापुढे जात नाही. (न्यावा.) तुमची इथली पत, शिक्षण, ओळखीपाळखी तिथे कितपत चालल्या? नसतील चालल्या, तर घडी कशी बसवलीत? देश कुठलाही चालेल. विमानतळावरचं रडणं आणि पहिला बर्फ मात्र वगळा.

स्टुटगार्टहून
घर मिळवणं हेच खरं काम. इथे 'शुफा' नावाची संस्था प्रत्येकाची पत नोंदवते, आणि नव्या माणसाची तिथे नोंदच नसते. पुण्यातल्या गृहकर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही, हे घरमालकाला सांगून उपयोग शून्य. कंपनीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या यांवर जमलं. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेता येते; त्यात हीटिंग धरत नाहीत. आणि रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं! ओटा नाही, सिंक नाही, छताला नुसत्या वायरी. जुना भाडेकरू ओटा-कपाटं विकत असेल तर घासाघीस करून तीच घ्यावीत.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. तिथे धर्मही विचारतात. वसईचा माझा मित्र कॅथलिक. त्याने ते लिहिलं आणि पगारातून चर्चचा कर कापला जाऊ लागला. आमच्या राज्यात तो आयकराच्या ८ टक्के आहे.

शेजाऱ्यांशी ओळख झाली ती जिन्यामुळे. या भागात 'केअरवोखं' असते. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी आपली. समोरच्या आजी कोपरे तपासायच्या. त्यांच्या बोलीतलं निम्मं कळत नव्हतं, पण पुढे त्यांनीच पार्सलं घ्यायला सुरुवात केली. व्हिडिओ कॉलवर आईने मला पोछा मारताना पाहिलं. तिची प्रतिक्रिया इथे लिहीत नाही.

न्यू जर्सीहून
मी नवऱ्याबरोबर एच-४ व्हिसावर (नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) आले. नाशिकला शाळेत शिकवत होते, इथे नोकरीची परवानगीच नाही. २०१५ पासून काही एच-४ वाल्यांना ती मिळते, पण बहुतेक वेळा जोडीदाराच्या ग्रीन कार्डासाठी (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) कंपनीने केलेला अर्ज मंजूर झाल्यावर. तोवर सोशल सिक्युरिटी नंबरही (इथला ओळख क्रमांक) नाही. जिथे तिथे फॉर्मवर तोच रकाना! 'तू काय, आरामात आहेस' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी उत्तर द्यायचं सोडलं. रविवारच्या मराठी शाळेत बिनपगारी शिकवायला लागले, तेव्हा जरा माणसांत आले. ताई, भाचीचा नवरा पुढेमागे तिच्यामागून जाणार असेल, तर त्याला काम करता येईल का, ते आधी बघा.

कुवेतहून
आमच्या खेड-चिपळूणकडे गल्फ नवीन नाही, वडीलही इथेच होते. वर स्टुटगार्टकरांनी पत नसण्याचं लिहिलंय. इथे तुमची पत मालकाच्या नावावर. नोकरी गेली की इकाम्याचं (राहण्याच्या परवान्याचं) बघावं लागतं, कुटुंब आणायला ठरावीक पगार लागतो. पहिल्या मालकाने माझा पासपोर्ट ठेवून घेतला होता. ते इथल्या नियमातही बसत नाही, पण नवा माणूस बोलत नाही. जुन्या गाववाल्याने मागायला लावला, मिळाला. कायमचं राहायचं नाहीच, त्यामुळे 'रुळलास का' असं आम्हाला कोणी विचारत नाही.

स्विंडनहून, मूळ डिचोली (गोवा)
आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मले, त्या आधारावर लिस्बनला नोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. पोर्तुगीज भाषेचा एक शब्द येत नाही. ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडला आलो आणि गोदामात लागलो. इथे गोंयकार इतके की खोली, काम, सगळं ओळखीतूनच झालं. अडचण उलट बाजूला: भारतीय नागरिकत्व गेलं. आता चवथीला गावी जातो ते ओसीआय कार्डावर (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते), आणि पंचायतीच्या निवडणुकीत भाऊ मत देतो, मी नुसता वाद घालतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, भाचीला पाठवलं. स्टुटगार्टकर, तो ओटा शेवटी किती युरोंना पडला?