अनुभव धागा : निर्णय खिडकीवर कधी पोचतो?

सार्वजनिक विद्यापीठांच्या कार्यालयांत काम करणाऱ्यांना एकच विचारायचं आहे. वर निर्णय झाला की तो तुमच्या टेबलापर्यंत कसा येतो? नस्तीतून (फाइलमधून), परिपत्रकातून, व्हॉट्सॲपवर, की थेट विद्यार्थ्याच्या तोंडून? विद्यार्थ्यांच्या तक्रारींवर पुष्कळ लिहिलं जातं, पण खिडकीवर बसलेल्या माणसाला उत्तर कोण सांगतं, हे कुणी विचारत नाही. विद्यापीठाचं किंवा व्यक्तीचं नाव मात्र लिहू नका.

वरिष्ठ लिपिक, परीक्षा विभाग :
विद्यार्थ्याच्या तोंडून! परीक्षा अर्जाची मुदत वाढवायची टिपणी माझ्याच टेबलावरून निघाली होती. कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, संचालक, मग कुलगुरूंची मान्यता. परिपत्रक संध्याकाळी संकेतस्थळावर चढलं; नस्ती मात्र त्याच पायऱ्या उतरत खाली यायची होती. सकाळी खिडकीवर ही रांग. मुलं मोबाइल दाखवून म्हणतात, "मॅडम, आता विलंब शुल्क नाही ना?" आणि माझ्यासमोरची प्रणाली विलंब शुल्क मागतेय, कारण संगणक विभागाला कुणी कळवलंच नव्हतं. 'प्रत माहितीसाठी' या यादीत सगळे प्राचार्य होते, विभागप्रमुख होते, स्वीय सहायक होते. खिडकी नव्हती. एक मुलगी आईला घेऊन पहाटेच्या एसटीनं आली होती. तिला "दुपारनंतर या" म्हणणं फार जड गेलं.

नंतर आम्ही भांडून एवढं करून घेतलं : यादीत संगणक विभाग आणि विद्यार्थी सुविधा केंद्र सर्वांत वर, आणि दोघांची पोच आल्याशिवाय परिपत्रक प्रसिद्ध करायचं नाही. पुढच्या परीक्षेला तशी रांग लागली नाही.

आवक-जावक :
कागदी पत्राची बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) नोंद होते, ज्या विभागाकडं दिलं त्यांची सही घेतो. ईमेलची नोंदच नाही. मग पत्र सापडलं नाही की सगळे आमच्याकडंच येतात. ईमेललाही आवक क्रमांक द्या.

जन माहिती अधिकारी :
माहिती अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे मला ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि माहिती असते वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या विभागात. नुसतं "माहिती पाठवावी" लिहिलं तर पत्र पडून राहतं. आता मी आधी फोन करते, मग पत्रात कलम ५(४) आणि ५(५) नमूद करते : ज्याची मदत मागितली, तो अधिकारीही जबाबदार धरला जातो. माहिती वेळेत येते. पण एका जिन्याच्या अंतरासाठी कलम दाखवावं लागतं, याचं दुःख आहेच.

निवृत्त उपकुलसचिव :
नवीन अधिकाऱ्यांना कळकळीनं सांगतो, नस्तीवर फक्त 'चर्चा करावी' लिहून परत पाठवू नका. चर्चा केबिनमध्ये होते, लिपिकाला काही कळत नाही आणि नस्ती तशीच राहते. काय ठरलं ते दोन ओळींत टिपणीवर आणा. तोंडी आदेशाचंही तेच. "साहेबांनी सांगितलंय" हे लेखापरीक्षणात चालत नाही. तिथं खालचा माणूस एकटा पडतो. मी हाताखालच्यांना 'दूरध्वनीवरील सूचनेनुसार' असं तारखेसह लिहून सादर करायला लावत असे. काही वरिष्ठांना ते आवडलं नाही, तरी ती सवय मी सोडली नाही.

कंत्राटी कर्मचारी, पदवी पडताळणी :
आमची नेमणूक एजन्सीमार्फत. त्यामुळे कार्यालयीन ईमेल नाही आणि विभागाच्या व्हॉट्सॲप गटातही आम्ही नाही. पडताळणीचं शुल्क बदललं, ते मला शिपाई मामांनी सांगितलं, कारण झेरॉक्स त्यांनी काढली होती. मामांचे उपकारच. पण परदेशी विद्यापीठांच्या चौकशांना उत्तर मी तयार करतो, चुकीचं शुल्क कळवलं तर पदवीधराचा प्रवेश अडकतो. कायम करा वगैरे इथं म्हणत नाही, तो विषय वेगळा. परिपत्रकाची एक प्रत आमच्या टेबलावर येऊ द्या. सही करून घेतो.